आधी मजुरी विचारा: जुन्या कॉम्प्युटर आरपीजी गेममधली लेव्हल समजून घेताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी दुपारभर एकच खोली चालू असते, कूलरची. तिथंच माझा जुना लॅपटॉप असतो आणि त्याच्याभोवती पुतण्या आणि त्याचे दोन मित्र. मागच्या सुट्टीत पुतण्याने ‘बाल्डर्स गेट’ हा आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, सुरू केला. अर्धा तास लावून त्याने जादूगार बनवला, नाव दिलं, चेहरा निवडला. कँडलकीप या सुरुवातीच्या ठिकाणाबाहेर पडून तो फ्रेंडली आर्म इन या सरायीपर्यंत पोचला आणि दाराच्या पायऱ्यांवरच एका मारेकऱ्याने त्याला संपवलं. त्याने पुन्हा लोड केलं, पुन्हा मेला. चौथ्या वेळी माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, माझं चुकून काय राह्यलं? मी तं सगळं बरोबर केलं. मग काहून मरतो?”

त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत नव्हतं की या गेममध्ये पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे चार ते सहा हिट पॉइंटचा (किती मार सोसता येतो तो आकडा) माणूस, आणि तो मोठा होतो तो फार सावकाश. मोबाईलवरच्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी लेव्हल वाढते, चमचम होते, आणि ती कशाने वाढली हे कोणी विचारत नाही. जुन्या गेममध्ये हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या तिघांना मी जे शिकवलं तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: गेम मजुरी कशाची देतो ते ओळखा

आपल्याकडे कापूस वेचायला गेलं की मजुरी किलोवर. जेवढा वेचला तेवढे पैसे. तेच वावर उक्तं घेतलं की काम पूर्ण झाल्यावर ठरलेली रक्कम, मग दोन दिवस लागोत की चार. माणूस तोच, वावर तेच, पण मजुरीची रीत बदलली की कामाची पद्धत बदलते. किलोवर असताना माणूस भराभर वेचतो, उक्त्यात टोळी जमवतो.

गेममध्ये ही मजुरी म्हणजे एक्सपी, अनुभवाचे गुण. काही गेम प्रत्येक मेलेल्या शत्रूमागे एक्सपी देतात, तो किलोवरचा हिशोब. काही गेम सोपवलेलं काम, म्हणजे क्वेस्ट, पूर्ण केल्यावर देतात, ते उक्तं. बहुतेक जुन्या गेममध्ये दोन्ही असतं आणि कशाचं पारडं जड आहे ते पहिल्या तासाभरात कळतं. एक लढाई करा, कॅरेक्टरच्या पानावरचा आकडा बघा. एक बारकं काम पूर्ण करा, पुन्हा बघा. वहीत लिहा.

या सगळ्याचं मूळ १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो बनवला. त्यात राक्षस मारण्याचा एक्सपी होताच, पण भुयारातून सोनं बाहेर आणलं तरी एक नाण्याला एक या हिशोबाने एक्सपी मिळायचा. म्हणजे हुशार खेळाडू राक्षसाच्या बाजूने गुपचूप निघून खजिना आणायचा आणि जास्त कमवायचा. मजुरी कशाला आहे त्यावर माणूस कसा वागतो ते ठरतं, हे मला या एका नियमाने पटलं. पुढे कॉम्प्युटरवर आलेल्या गेमने लेव्हल, क्लास (म्हणजे पात्राचा पेशा: लढवय्या, चोर, जादूगार), हिट पॉइंट हे शब्द तिथूनच उचलले.

दुसरी पायरी: सहा शब्द पाठ करा

आमची पोरं मराठी शाळेतली. कॅरेक्टर बनवताना समोर इंग्रजी शब्द येतात आणि ती भीतीनेच पुढचं बटण दाबतात. तिथं थांबा. स्ट्रेंग्थ म्हणजे अंगातली ताकद. डेक्स्टेरिटी म्हणजे हाताची चपळाई, नेम आणि वार चुकवणं. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा, यावर हिट पॉइंट. करिश्मा म्हणजे बोलून समोरच्याला आपलंसं करणं. उरले इंटेलिजन्स आणि विज्डम, यांच्यात सगळ्यांचा घोळ होतो. मी असं सांगतो: पुस्तकं पाठ करून परीक्षा काढणारा पोरगा इंटेलिजन्सचा, आणि आभाळ बघून ‘आज डवरणी नको’ म्हणणारा त्याचा आजा विज्डमचा. गेममध्ये जादूगाराला पहिलं लागतं, पुजाऱ्याला दुसरं. सहाही शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: टेबल वाचायला शिका

‘बाल्डर्स गेट’ १९९८ चा. त्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत, आणि त्यातली एक गोष्ट नव्या माणसाला चक्रावते: प्रत्येक क्लासची लेव्हल वेगवेगळ्या एक्सपीवर वाढते. दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला १२५० लागतात, पुजाऱ्याला १५००, लढवय्याला २०००, जादूगाराला २५००. म्हणजे लढवय्याची दुसरी लेव्हल होते तेव्हा जादूगार अजून पहिलीतच असतो, आणि तो दुसरीत जाईपर्यंत चोर तिसरीत पोचलेला असतो, कारण चोराची तिसरी लेव्हलही २५०० वरच आहे.

पुतण्याचा प्रश्न इथेच सुटतो. त्याने सगळ्यात नाजूक आणि सुरुवातीला सगळ्यात सावकाश वाढणारा क्लास घेतला होता. वर लेव्हल वाढताना लढवय्याला दहा बाजूंच्या फाशावर हिट पॉइंट मिळतात, जादूगाराला चार बाजूंच्या. लेव्हल एकच, पण अंगात ताकद किती भरली यात जमीन-अस्मानाचा फरक. (नव्या, सुधारित आवृत्तीत दर लेव्हलला पूर्ण हिट पॉइंट देण्याची सेटिंग आहे. नवख्यांनी ती बिनधास्त चालू करावी, त्यात काही कमीपणा नाही.)

दुसरं, एक्सपीची वाटणी. सहा जणांच्या टोळीने ६०० एक्सपीचं काम केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० येतात. तिघेच असाल तर २००. म्हणून काही जण मुद्दाम कमी माणसं घेऊन खेळतात, त्यांची लेव्हल लवकर वाढते. पण पहिल्यांदा खेळताना सहाची टोळी पूर्ण करा. वावरात चार हात जास्त असले की वाटा कमी येतो हे खरं, पण काम अर्धवट राहत नाही.

तिसरं, मर्यादा. मूळ गेममध्ये एका कॅरेक्टरला ८९,००० एक्सपीच्या पुढे जाता येत नाही. चोराची आठवी लेव्हल ७०,००० वर आहे, तो पोचतो. लढवय्या ६४,००० वर सातवीत जातो आणि तिथंच थांबतो, कारण आठवी १,२५,००० वर. जादूगाराची आठवी लेव्हल ९०,००० वर. हजाराने हुकते! हे मला कळलं तेव्हा गेम निम्म्यावर आला होता आणि मी त्या आठव्या लेव्हलची वाट बघत गल्लीबोळातली कामं करत फिरत होतो. १९९९ च्या जोड-गेमने मर्यादा १,६१,००० केली, तेव्हा जादूगार नववीपर्यंत आणि चोर दहावीपर्यंत जाऊ लागला. म्हणून कोणताही गेम सुरू करताना दोन आकडे आधी शोधा: पुढची लेव्हल कितीवर, आणि शेवट कुठे.

यातल्या ‘थॅको’ नावाच्या आकड्याबद्दल एकच वाक्य: तो जितका कमी तितका वार अचूक, आणि आर्मर क्लासही (समोरच्याचा वार अंगाला लागू न देण्याचा आकडा) जितका कमी तितका चांगला. लेव्हल वाढल्यावर आकडा घटला म्हणून घाबरू नका.

चौथी पायरी: डवऱ्यासारखं शिकवणारे गेम वेगळे खेळा

डवरा धरायला कोणी पुस्तकातून शिकत नाही. पहिल्या दिवशी सोयाबीनची निम्मी रोपं उखडतात, बैल तासातून बाहेर जातात, बाप ओरडतो. पंधरा दिवसांनी मूठ किती दाबायची ते हाताला कळतं. डोक्याला कळायच्या आधी हाताला कळतं.

काही गेम अगदी असेच चालतात. त्यात शत्रू मारल्याचा एक्सपी नसतोच, जे कराल तेच वाढतं. १९८७ च्या ‘डंजन मास्टर’मध्ये मंत्र म्हणत राहिलं की मंत्राचं कसब वाढतं. १९८९ च्या ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’मध्ये झाडावर चढत राहिलं की चढणं सुधारतं. या रीतीचा सगळ्यात मोठा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर गेम म्हणजे २००२ चा ‘मॉरोविंड’. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच सोडून जातात.

पुतण्याच्या मित्राने ‘मॉरोविंड’ सुरू केला. सेडा नीन गावाच्या किनाऱ्यावर एक खेकडा दिसला. पोट्टं धावत गेलं आणि खंजीर चालवू लागलं. खंजीर खेकड्यावरून जातो आहे हे डोळ्याला दिसतं, पण लागत नाही. दहा वार, एकही लागला नाही. “हा गेमच बिघडला जी,” असं त्याचं म्हणणं.

मी त्याला कॅरेक्टरचं पान उघडायला लावलं. त्याने कुऱ्हाडीचं कसब निवडलं होतं आणि हातात होता खंजीर, त्याचं कसब होतं ५. वार लागण्याचा हिशोब असा: हत्याराचं कसब, त्यात चपळाईचा पाचवा भाग, त्यात नशिबाचा दहावा भाग. चपळाई ४०, नशीब ४० धरलं तर ५ अधिक ८ अधिक ४, झाले १७. मग याला दमाने गुणायचं. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर सव्वा पटीने, म्हणजे साधारण २१ टक्के. पट्टी रिकामी असेल तर पाऊण पटीने, म्हणजे १३ टक्के. आणि हा धावत गेला होता, धावल्याने दम संपतो. त्यातून खेकड्याची चुकवण्याची क्षमता वजा. आता तेच ३५ कसब असलेली कुऱ्हाड धरली, चालत गेला, दम पूर्ण: ३५ अधिक ८ अधिक ४ म्हणजे ४७, सव्वा पटीने जवळपास ५९. दर दोनातला एक वार लागणार. त्याने कुऱ्हाड विकत घेतली, चालत गेला, आणि खेकडा मेला. त्या दिवसापासून तो हिरव्या पट्टीकडे बैलाच्या धापेकडे बघावं तसा बघतो.

आता यात लेव्हल कशी वाढते? एकूण २७ कसबं. त्यातली ५ मुख्य, ५ दुय्यम, बाकी १७ किरकोळ. मुख्य आणि दुय्यम मिळून दहा वेळा वाढ झाली की लेव्हल वाढायला तयार. मग झोपायचं, आणि उठल्यावर तीन गुण वाढवायला निवडायचे. ज्या गुणाखालची कसबं त्या काळात जास्त वापरली असतील तो गुण जास्त वाढतो, एकापासून पाचापर्यंत. पाच हवे असतील तर त्या गुणाखालची कसबं दहा वेळा वाढलेली लागतात, किरकोळ धरूनही.

यावर लोक मोठमोठे तक्ते बनवून हिशोब करत बसतात. मला तसं खेळणं आवडत नाही, गेमचा जीव जातो. एकच गोष्ट मात्र सांभाळा: एन्ड्युरन्स, म्हणजे चिवटपणा, सुरुवातीलाच वाढवा. दर लेव्हलला त्याच्या दहाव्या भागाएवढी तब्येत वाढते आणि मागची थकबाकी मिळत नाही. ४० एन्ड्युरन्सवर दर वेळी चार, १०० वर दहा. वीस लेव्हलनंतर वाढवला तर आधीच्या वीस लेव्हलचं नुकसान भरून निघत नाही. जड चिलखत, मध्यम चिलखत आणि भाला ही तीन कसबं त्याखाली येतात. यातलं एक तरी निवडा.

आणि आपण रोज खरंच जे करणार आहोत तीच कसबं मुख्य म्हणून घ्या. चोरी करायचीच नसेल तर कुलूप उघडण्याचं कसब मुख्यात टाकून ठेवू नका.

याच मालिकेतल्या २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये एक गोष्ट अवघड जाते. तिथं तुमची लेव्हल वाढली की शत्रूही तेवढेच वाढतात. उड्या मारून आणि मालाचा भाव करून लेव्हल वाढवली, तलवार मात्र शिकली नाही, तर रस्त्यावरचा साधा लुटारूही महागडं चिलखत घालून समोर येतो आणि तुमचा वार त्याला टोचतही नाही. तिथे मुख्य कसबांत लढाईची दोन तरी असू द्या.

पाचवी पायरी: गुण हातात देणाऱ्या गेममध्ये पेरणीसारखा विचार करा

तिसऱ्या जातीचे गेम लेव्हल वाढली की हातात गुण ठेवतात आणि म्हणतात, वाटा तुम्हीच. बियाणं, खत, फवारणी, एवढ्याच पैशात. आणि जुन्या गेममध्ये एकदा पेरलं की पेरलं.

१९९७ च्या ‘फॉलआउट’ची गोष्ट आमच्या पोरांना समजावून सांगावीच लागली नाही. जमिनीखालच्या वस्तीतली पाणी शुद्ध करणारी चिप बिघडली आहे, १५० दिवसांत दुसरी आणायची. मे महिन्यात गावच्या विहिरीवरची मोटर जळली की काय होतं ते त्यांना ठाऊक आहे. पण हे १५० दिवस लक्षात ठेवा, कारण मनाला येईल तेवढं भटकून लेव्हल वाढवत बसायला इथे मोकळीक नाही.

दुसरी लेव्हल १,००० एक्सपीवर, तिसरी ३,००० वर, चौथी ६,००० वर, आणि सगळ्यात वर २१ वी. दर लेव्हलला स्किल पॉइंट मिळतात ५ अधिक इंटेलिजन्सच्या दुप्पट. इंटेलिजन्स ४ असेल तर १३, ९ असेल तर २३. वीस लेव्हलमध्ये हा फरक २०० पॉइंटचा होतो! म्हणून पहिल्या खेळात इंटेलिजन्सवर कंजुषी नको. ती ४ च्या खाली गेली तर तुमच्या कॅरेक्टरला धड बोलताही येत नाही.

सुरुवातीला तीन स्किल ‘टॅग’ करायची असतात. ती २० टक्क्यांनी वर सुरू होतात आणि पुढे दर पॉइंटला दुप्पट वाढतात. माझा सल्ला ठाम आहे: स्मॉल गन्स, स्पीच आणि लॉकपिक. एनर्जी वेपन्स दिसायला भारी, पण ती हत्यारं हाती लागायला निम्मा गेम जातो, तोवर काय खाणार? दर तीन लेव्हलला एक पर्क मिळतो, एखादी खास खुबी. तो निवडायच्या आधी वर्णन पूर्ण वाचा, डिक्शनरी लागली तरी चालेल.

२००० चा ‘डायब्लो २’ याच रांगेतला, पण घाईचा. दर लेव्हलला पाच गुण अंगाच्या ताकदीला आणि एक कौशल्याच्या झाडाला, ९९ लेव्हलपर्यंत. नवखा माणूस हा एकेक गुण दहा फांद्यांवर शिंपडतो आणि पुढे कठीण भागात अडकतो. दोन फांद्या धरा, त्याच वाढवा. पूर्वी चुकलं की नवीन कॅरेक्टर, दुसरा इलाज नव्हता. २०१० च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच कामगिरीच्या बक्षिसात सगळे गुण परत घेऊन नव्याने वाटण्याची संधी मिळते. ती जपून ठेवा.

‘माइट अँड मॅजिक ६’ (१९९८) मध्ये स्किल जितकं वर तितकं महाग: दोनावर न्यायला २ गुण, तिनावर ३, असं करत दहावर पोचायला एकूण ५४. चारावर यायला मात्र ९ पुरतात. सुरुवातीला बरीच कसबं चारावर आणणं परवडतं, मग एक-दोन निवडून वर चढा.

सहावी पायरी: लेव्हल कुठे वाढते ते बघा

हे छोटंसं, पण माहीत नसलं तर अडतं. एक्सपी पूर्ण झाला तरी लेव्हल आपोआप वाढेलच असं नाही. १९८१ च्या ‘विझर्ड्री’मध्ये सरायीत मुक्काम केल्याशिवाय वाढत नाही, आणि वाढताना ताकद किंवा बुद्धी चक्क कमीही होऊ शकते. १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये तालमीत जाऊन पैसे मोजून शिकावं लागतं. ‘माइट अँड मॅजिक’मध्येही तसंच, म्हणून सोनं राखून ठेवा. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये राजासमोर जावं लागतं. १९८८ च्या ‘वेस्टलँड’मध्ये रेडिओवरून कळवलं की बढती मिळते, हे मला सगळ्यांत आवडतं.

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९) मात्र वेगळ्याच मुलखातला. तिथं सगळ्यात मोठी मजुरी बोलण्याला आहे. प्रश्न विचारा, उत्तरं ऐका, हरवलेल्या आठवणी परत मिळवा, आणि एक्सपी घ्या. विज्डम जास्त ठेवला तर तो आणखी वाढतो. ताकदीवर गुण उधळणारा माणूस इथे गेमच्या निम्म्या गाभ्याला मुकतो. पण इंग्रजी वाचन इतकं आहे की पहिला गेम म्हणून मी कोणाला देत नाही. दोन गेम झाल्यावर, वहीतले शब्द पाचशेच्या वर गेल्यावर घ्या.

सातवी पायरी: सुरुवात

पहिला ‘फॉलआउट’ घ्या. एक जीबीच्याही आत आहे, मोबाईलच्या डेट्यावर एका दिवसात उतरतो, आणि दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही चालतो. मग ‘बाल्डर्स गेट’, मग ‘मॉरोविंड’. ‘मॉरोविंड’ची मूळ डिस्क किंवा विकत घेतलेली प्रत असेल तर ‘ओपनएमडब्ल्यू’ हे मोफत इंजिनही टाकता येतं.

सेव्ह करायची सवय पहिल्या मिनिटापासून लावा. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की लाईट जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी म्हातारी असते. लेव्हल वाढवण्याच्या आधी एक सेव्ह, वाढवल्यावर वेगळ्या नावाने दुसरा. गुण चुकीचे वाटले गेले तर मागे येता येतं. एकाच सेव्हवर दहा तास खेळू नका.

वहीत प्रत्येक गेमला एक पान: मजुरी कशाला, पुढची लेव्हल कितीवर, शेवट कुठे, लेव्हल कुठे वाढते, परत फिरता येतं का. एवढं पाच ओळींत लिहिलं की पहिली संध्याकाळ वाया जात नाही.

पुतण्याने त्याच जादूगाराने पुन्हा सुरुवात केली, क्लास बदलायला तयार झाला नाही. या वेळी कँडलकीपमधली सगळी बारीकसारीक कामं त्याने आधी उरकली, वाटेत भेटलेले तिघे सोबत घेतले, दोघांच्या हाती धनुष्य दिलं. पायऱ्यांवर तो मारेकरी मंत्र म्हणू लागला तसा त्याने गेम थांबवला, सगळ्यांना त्याच्यावरच नेम धरायला लावलं आणि मग सोडलं. बाण लागला, मंत्र अर्ध्यात तुटला. माणूस पडल्यावर त्याने आधी वही ओढली आणि प्रत्येकाच्या नावापुढे किती एक्सपी आला ते लिहून घेतलं.